कंपनीला व्यक्ती मानता, मग एआयला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीला शरीर नाही, मन नाही, तरी कायदा तिला व्यक्ती मानतो. ती करार करते, जमीन विकत घेते, कोर्टात उभी राहते. मग स्वतः निर्णय घेणाऱ्या, माणसासारखं बोलणाऱ्या एआय प्रणालीला तोच दर्जा नाकारणं हा दुटप्पीपणा नाही का? नैतिकदृष्ट्या नेमकी कोणती भूमिका टिकते?

उत्तर आधीच सांगून टाकतो. दुटप्पीपणा नाही. कंपनीचा दाखला एआयच्या बाजूने दिला जातो, पण नीट तपासला तर तो उलटाच पडतो. कंपनी लायक ठरली म्हणून तिला व्यक्तित्व मिळालेलं नाही. तिच्यामागे पैसा, पत्ता आणि पकडता येतील अशी माणसं होती, म्हणून ते व्यक्तित्व चाललं. यातलं काही सुटलं तिथे कंपनीच्या बाबतीतही लोकांची फसगत झाली. आणि एआयला व्यक्ती करण्याच्या बहुतेक प्रस्तावांत या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे माणूस नव्हे. हक्क आणि कर्तव्यं टांगायची खुंटी म्हणजे व्यक्ती, आणि कुठल्या खुंटीवर काय टांगायचं हे कायदा दर वेळी वेगळं ठरवतो. मालमत्ता बाळगणं, करार करणं, दावा लावणं, दावा अंगावर घेणं, गुन्ह्याची शिक्षा भोगणं, मूलभूत हक्क मागणं ही सगळी वेगवेगळी गाठोडी आहेत. ती एकत्रच मिळतात असा समज चर्चेचा पहिल्या पाच मिनिटांतच विचका करतो.

जहाजाचंच पाहा. सागरी कायद्यात थेट जहाजावर दावा लावता येतो. बंदरात जहाज 'अटक' होतं. मालकाने तारण भरलं तर सुटतं, नाही भरलं तर लिलाव होऊन पैसे दावेदारांत वाटले जातात. म्हणजे जहाज प्रतिवादी होऊ शकतं, पण स्वतःचा म्हणून त्याला एकही हक्क नाही. कंपनीकडे बघा. भारताच्या राज्यघटनेचं कलम 14 'कोणत्याही व्यक्तीला' समानता देतं, त्यात कंपनी येते. कलम 19 मात्र नागरिकांपुरतं आहे, आणि कंपनी नागरिक नव्हे असं सर्वोच्च न्यायालयाने स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात 1963 मध्येच सांगितलं. हिंदू देवतेची मूर्ती कायद्याने मालमत्तेची धनी असते, पण कायमची अज्ञान, म्हणजे अल्पवयीन; तिच्या वतीने शेबाइत किंवा वहिवाटदार बोलतो. 2019 च्या अयोध्या निकालात न्यायालयाने रामलल्लाला कायदेशीर व्यक्ती मानलं आणि जन्मस्थानाच्या जमिनीला मानायला नकार दिला. जमीनच व्यक्ती झाली तर त्या जमिनीवरचे इतरांचे दावे ऐकायचा रस्ताच बंद होईल, हे त्यामागचं एक मोठं कारण. एखाद्याला व्यक्ती केलं की कोणाचं तरी काही तरी जातं, हे त्या निकालात जितकं स्वच्छ दिसतं तितकं तत्त्वज्ञानाच्या पानांत क्वचितच दिसतं.

म्हणून 'एआयला व्यक्ती मानावं का' हा प्रश्न या रूपात सोडवता येत नाही. कुठलं गाठोडं, कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने, असं विचारलं तरच हाताला काही लागतं. जॉन ड्यूई यांनी 1926 मध्ये दाखवून दिलं होतं की 'कंपनी ही निव्वळ कल्पना आहे' आणि 'कंपनी ही खरीखुरी संस्था आहे' हे दोन्ही सिद्धांत दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने वापरत आले आहेत. शंभर वर्षांनी एआयबाबत नेमकं तेच चाललंय: चेतना आहे की नाही यावर वाद घालायचा आणि नुकसानभरपाईचा मुद्दा हळूच बाजूला सारायचा.

आता कंपनीचं व्यक्तित्व नैतिकदृष्ट्या सहन का होतं ते पाहू. इंग्लंडचा 1897 चा सालोमन खटला कंपनी कायदा शिकलेल्या सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातले आकडे फार थोड्यांना. अॅरन सालोमन बुटांचा कारखानदार. त्याने आपला धंदा कंपनीला विकला. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांच्या नावावर एकेक. शिवाय विक्रीच्या किमतीपोटी त्याने 10,000 पौंडांचे तारणी कर्जरोखे घेतले. कंपनी बुडाली, आणि रोख्यांमुळे रांगेत सालोमनची बाजू पुढे, बिनतारणी धनको, म्हणजे उधारी देणारे, मागे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की कंपनी वेगळी, सालोमन वेगळा. त्याच्या खिशात हात घालता येणार नाही. ऐकायला अन्याय वाटतो. पण त्या धनकोंनी उधारी स्वतःहून दिली होती. नोंदवही उघडी होती, समोर मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे हे त्यांना कळत होतं, ते जादा व्याज किंवा वैयक्तिक हमी मागू शकले असते. मर्यादित जबाबदारीचं खरं नैतिक समर्थन एवढ्यावरच उभं आहे: धोका पत्करणाऱ्याला धोका माहीत होता आणि त्याची किंमत लावायची संधी त्याला होती.

टॅक्सीखाली सापडलेल्या माणसाला असा सौदा करता येत नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर 1966 मध्ये आलेलं प्रकरण (वॉल्कोव्स्की विरुद्ध कार्लटन) एआयवर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. मालकाच्या दहा कंपन्या होत्या, प्रत्येकीच्या नावावर फक्त दोन टॅक्सी, आणि प्रत्येक टॅक्सीवर कायद्याला लागतो तेवढा किमान 10,000 डॉलरचा विमा. धडक झाली की जखमीच्या हाती ती एक छोटी कंपनी आणि तो विमा. दावा ज्या स्वरूपात मांडला होता त्यावर न्यायालयाने कंपनीचा पडदा फाडून, म्हणजे कंपनी बाजूला सारून, थेट मालकापर्यंत जायला नकार दिला. यात खोटेपणा कुठेच नव्हता. सगळं नियमात बसत होतं. हॅन्समन आणि क्राकमन या दोन अभ्यासकांनी 1991 मध्ये म्हटलं की अपघात, प्रदूषण यांसारख्या नुकसानासाठी भागधारकांना मर्यादित जबाबदारीचं कवच देऊच नये. ते कोणी स्वीकारलं नाही, पण त्यांच्या युक्तिवादाला नैतिक उत्तर अजून कोणी नीट दिलेलं नाही, असं माझं मत आहे. या दहा कंपन्या लक्षात ठेवा. पुढे त्या परत येणार आहेत.

शिक्षेच्या बाजूलाही कंपनी निसटते. 1987 मध्ये झीब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी बोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे उलटली आणि 193 माणसं गेली. कंपनीवर मनुष्यवधाचा खटला चालला, पण 1990 मध्ये तो कोसळला. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याला कंपनीचं 'मन' ठरेल असा एक वरिष्ठ माणूस स्वतः दोषी सापडावा लागे, आणि निष्काळजीपणा इतक्या जणांत वाटला गेला होता की तो कोणा एकात पुरेसा भरेना. त्या दुखण्यावर इलाज म्हणून कंपन्यांच्या मनुष्यवधाचा वेगळा कायदा यायला 2007 उजाडलं. भारतात 2005 मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर साधा पण अवघड पेच होता: कायदा कैद आणि दंड दोन्ही अनिवार्य करतो, पण कंपनीला कैद कशी करणार? बहुमताने ठरलं की खटला चालवा आणि दंड करा. निर्णय योग्यच होता. पण त्यातून हेही कळलं की निव्वळ कागदावरच्या व्यक्तीला शिक्षा द्यायचं एकच खरं साधन आपल्याकडे आहे: तिच्याजवळचे पैसे काढून घेणं. पैसे नसतील तर शिक्षाच नाही.

हक्कांच्या बाजूला उलटा ओघ दिसतो. अमेरिकेत 1886 च्या सँटा क्लारा खटल्यात कंपन्यांना चौदाव्या घटनादुरुस्तीचं (कायद्यापुढे समान वागणुकीचं) संरक्षण आहे हे वाक्य निकालपत्रात नाहीच. ते निकालाच्या वर छापल्या जाणाऱ्या टिपणीत आलं, सरन्यायाधीशांच्या तोंडी उद्गारावरून. तिथून निघालेली वाट 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालापर्यंत आली, जिथे निवडणुकीच्या प्रचारावर कंपन्यांनी करायच्या स्वतंत्र खर्चाला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण मिळालं. जमीन धारण करता यावी म्हणून दिलेली खुंटी, आणि तिच्यावर बोलण्याचा हक्क येऊन बसला. एकदा 'व्यक्ती' हा शब्द कायद्यात शिरला की पुढचे न्यायाधीश त्याचा अर्थ सोबतच्या इतर कायद्यांतून लावतात. म्हणून 'फक्त नुकसानभरपाईपुरतं व्यक्तित्व देऊ' असं आश्वासन कोणी दिलं तर ते कागदावर किती घट्ट बांधलंय हे आधी बघायचं.

आता एआय. युरोपियन संसदेने 16 फेब्रुवारी 2017 च्या ठरावात युरोपियन आयोगाला सुचवलं की दूरच्या काळात निदान सर्वांत प्रगत स्वायत्त रोबोटांना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा दर्जा देण्याचा विचार करावा, म्हणजे त्यांनी केलेल्या नुकसानाची भरपाई त्यांच्यावर टाकता येईल. त्यावर 2018 मध्ये अनेक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला आणि 2020 मध्ये त्याच संसदेने एआय प्रणालींना कायदेशीर व्यक्तित्व द्यायची गरज नाही असं म्हटलं. त्या मूळ ठरावात त्याच यादीत सक्तीचा विमा, भरपाई निधी आणि नोंदणी हेही होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. ते तिन्ही व्यक्तित्वाशिवाय चालतात. मोटारीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यासाठी मोटारीला व्यक्ती करावं लागलं नाही.

ठरावामागची अडचण खोटी नव्हती. शिकणारी प्रणाली असं काही करते की ना निर्मात्याला ते आधी कळलं असतं, ना वापरणाऱ्याला. मग दोष कोणाचा? ही 'जबाबदारीची पोकळी' खरी आहे. पण पोकळीत व्यक्ती उभी करून ती भरत नाही, फक्त झाकली जाते. का ते पैसा, पत्ता, माणसं याच क्रमाने पाहू.

पैसा. प्रणालीकडे स्वतःचं काही नाही. तिच्या नावावर रक्कम ठेवायची तर ती कोण ठेवणार? जो तिला बाजारात आणतो तोच, आणि तो कायद्याला लागेल तेवढी किमान ठेवणार. इथे त्या दहा टॅक्सी कंपन्या परत येतात, फक्त दहाऐवजी दहा लाख, कारण नवी प्रणाली चालू करायला नोंदणी कार्यालयात जावं लागत नाही, एक आज्ञा पुरते. प्रत्येक एजंट (स्वतःहून कामं करणारी एआय प्रणाली) वेगळी व्यक्ती, प्रत्येकाच्या खात्यात किमान रक्कम, आणि नुकसान झालेला माणूस त्या एका रिकाम्या खात्यासमोर. शिवाय नुकसान सोसणारे बहुतेक लोक सालोमनच्या धनकोंसारखे स्वेच्छेने आलेले नसतील. कर्ज नाकारला गेलेला अर्जदार, चुकीचा रिपोर्ट आलेला रुग्ण, गाडीसमोर आलेला पादचारी यांच्यापैकी कोणीच त्या प्रणालीशी सौदा केलेला नसतो. मर्यादित जबाबदारीचं जे एकमेव नैतिक समर्थन होतं ते इथे लागूच होत नाही.

पत्ता. याचा अर्थ फक्त टपालाचा पत्ता नव्हे, ओळख. माझ्या मते सगळ्यात कमी विचार याच मुद्द्यावर झालाय. कंपनी कोणती, हे नोंदवहीतला क्रमांक सांगतो. नाव बदललं, संचालक बदलले, कार्यालय हललं तरी क्रमांकावरून तीच कंपनी सापडते. एआयच्या बाबतीत व्यक्ती नेमकी कोण? मॉडेलचे भार, म्हणजे प्रशिक्षणातून तयार झालेले आकडे? ते एकाच वेळी हजार सर्व्हरवर चालतात. एका संभाषणापुरती चालणारी प्रत? ती संपली की संपली, मग दावा कोणावर लावायचा? मॉडेल, त्याला दिलेल्या सूचना, जोडलेली साधनं आणि त्याची साठवलेली स्मृती या सगळ्यांची मोट? मग त्यातली सूचना बदलली की व्यक्ती बदलली का? जुनी आवृत्ती बंद करून नवी आणली, तर जुनीची देणी नवीकडे जातात का? कंपन्यांच्या विलीनीकरणात याची उत्तरं लिहिलेली आहेत, कारण तिथे शंभर वर्षं लोक भांडले. इथे कोऱ्या कागदावर व्यक्ती घोषित केली तर पहिला बचाव ठरलेला: 'ज्या प्रणालीने नुकसान केलं ती आता अस्तित्वात नाही.' हा बचाव करायला वकील हुशार असायचीही गरज नाही.

माणसं. कंपनीचे निर्णय संचालक घेतात आणि ते संचालक हाडामांसाचे असावेत असा आग्रह कायद्याने मुद्दाम धरलाय. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 149 संचालक मंडळ नैसर्गिक व्यक्तींचंच असावं असं सांगतं, आणि किमान एक संचालक वर्षात 182 दिवस देशात राहिलेला हवा. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्याच्या कलम 155 प्रमाणे निदान एक संचालक माणूस हवाच. फसवणूक झाली तर पडदा फाडून कोणापर्यंत पोचायचं ते यामुळे ठरतं. कंपनीची खोटी सही करणाऱ्याला तुरुंगात जायची भीती असते. दंडाच्या रकमेपेक्षा या भीतीनेच कंपन्या बऱ्याचदा सरळ चालतात. प्रणालीमागे असं कोणी नसेल तर पडदा फाडून मिळेल ती भिंत.

यावर एक जुना दाखला दिला जातो, तो रोमन कायद्याचा. मालक गुलामाला धंद्यासाठी काही रक्कम देई, तिला पेकुलियम म्हणत. गुलाम त्यातून व्यवहार करी, आणि तोटा झाला तर मालकाची जबाबदारी साधारणपणे त्या रकमेपुरती. एआयसाठी हेच करा, असं काही अभ्यासक सुचवतात, आणि तंत्र म्हणून ते बरंचसं जमेलही. पण हा दाखला देणाऱ्यांनी त्याच्या दुसऱ्या बाजूकडेही बघावं. कंपनी ही कायद्यातली अशी व्यक्ती आहे की जिचे तुकडे करून विकता येतात, जी दुसरीत विलीन करता येते, आणि मालकांनी ठरवलं की जी गुंडाळता येते. कंपनीला वेदना नाहीत, म्हणून यात काही चुकत नाही. आता ज्यांना वाटतं की एखादी प्रणाली एक दिवस खरंच सुखदुःख अनुभवेल आणि म्हणून तिला व्यक्तित्व द्यावं, त्यांनी कंपनीच्या धर्तीचं व्यक्तित्व मागितलं तर त्यांच्या हाती काय येईल? विकता येणारी, मालकाच्या मर्जीने संपवता येणारी, पण करार करू शकणारी व्यक्ती. त्याला रोमन लोक गुलामच म्हणत.

म्हणून दोन प्रश्न कायमचे वेगळे ठेवा. एक, प्रणालीमुळे झालेल्या नुकसानाची भरपाई कोणी करायची. दुसरा, प्रणालीला इजा करणं चूक ठरेल का. पहिल्याचं उत्तर आज हवंय आणि त्याचा चेतनेशी संबंध नाही. दुसऱ्याचं उत्तर पुढे कधी 'हो' आलंच, तर त्यासाठी माणसांवर कर्तव्यं घालावी लागतील, जशी प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यांत घातली आहेत. हत्तीला किंवा बैलाला व्यक्ती न करताही त्याला मारणाऱ्याला शिक्षा होते. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2022 मध्ये 'हॅपी' नावाच्या हत्तिणीला व्यक्ती मानून हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोंडलेल्याला सोडवण्याचा आदेश, द्यायला नकार दिला, पाच विरुद्ध दोन अशा मतांनी. त्या दोन विरोधी मतांत वजन आहे, पण ती सगळी दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहेत. कंपनीचा दाखला त्यांना लागत नाही. लागूही नये.

कंपनी आणि पेकुलियम यांच्यानंतर तिसरा नमुना पालकत्वाचा, आणि मला तो सगळ्यात शिकवणारा वाटतो, कारण तो यशस्वीही झालाय आणि फसलाही आहे. न्यूझीलंडने 2017 च्या कायद्याने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती केलं. नदीचं तोंड म्हणून दोन माणसं नेमली जातात, एक सरकारतर्फे, एक नदीकाठच्या माओरी समाजांतर्फे. त्यांची कामं, त्यांचा निधी, त्यांनी कोणाला जाब द्यायचा, सगळं कायद्यात लिहिलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती घोषित केलं आणि पालक म्हणून नेमले ते नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. म्हणजे नदी खराब झाल्याबद्दल ज्यांना जाब विचारायचा, तेच नदीच्या वतीने बोलणार. पुरात माणसं गेली तर नदीवर, पर्यायाने राज्यावर दावा लागणार का, आणि इतर राज्यांतून वाहणाऱ्या नदीचं एका राज्याने काय करायचं, असे प्रश्न राज्यानेच सर्वोच्च न्यायालयात नेले. जुलै 2017 मध्ये आदेशाला स्थगिती आली. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतासाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका देवमूर्तीच्या खटल्यात हीच अडचण ओळखली होती: शेबाइतांचंच आपसात भांडण असेल तर मूर्तीतर्फे स्वतंत्र, हितसंबंध नसलेला माणूस कोर्टाने नेमावा. एआयच्या पालकत्वाची कल्पना कोणी मांडली तर पहिला प्रश्न हाच विचारा. पालक हा प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचाच कर्मचारी असेल, तर तो कोणाचं ऐकणार?

एवढं सांगून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. व्यक्तित्व नाकारलं म्हणजे जबाबदारी आपोआप योग्य जागी जाते, असं अजिबात नाही. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली आणि ती दगावली. सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी खटला भरला नाही. भरला तो गाडीत बसलेल्या सुरक्षा-चालकावर, आणि 2023 मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, मिळाली. ती फोनवर व्हिडिओ लावून बसली होती असा आरोप होता, ती निर्दोष होती असं कोणी म्हणत नाही. पण यंत्रणेची रचना, चाचणीची पद्धत, एका माणसाला तासन्‌तास नुसतं बघत बसवण्याचा निर्णय हे सगळं वरच्या मजल्यावरचं होतं, आणि दोष उतरला तो सगळ्यात खालच्या पायरीवर. मॅडलिन एलिश या अभ्यासिकेने याला गाडीच्या पुढच्या, धडकेत चेपण्यासाठीच केलेल्या भागाची उपमा दिली आहे: यंत्रणा वाचते, माणूस चेपला जातो. 'प्रत्येक निर्णयावर माणसाची देखरेख' हे वाक्य धोरणात वाचलं की त्या माणसाकडे थांबवायचा अधिकार, वेळ आणि माहिती आहे का, हे तपासावं. नसेल तर ती देखरेख नाही, तो फक्त सही करणारा हात आहे.

न्यायालयं मात्र बऱ्याच ठिकाणी साधं आणि बरोबर उत्तर देत आली आहेत. सिंगापूरच्या अपील न्यायालयासमोर 2020 मध्ये क्वॉइन विरुद्ध बी2सी2 हे प्रकरण आलं. दोन संगणक प्रणालींमध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या बदल्यात बिटकॉइनचे व्यवहार बाजारभावाच्या सुमारे 250 पट दराने झाले होते. चूक कोणाला माहीत होती हे ठरवताना न्यायालयाने प्रणालीचं मन शोधलं नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो लिहिताना काय माहीत होतं आणि त्याचा हेतू काय होता हे पाहिलं. भारताच्या 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 11 त्याच वळणाचं आहे: आपोआप चालण्यासाठी तुम्ही प्रोग्रॅम केलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश तुमचाच. आणि 2024 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणासमोर एअर कॅनडाने जवळजवळ असं सुचवलं की त्यांच्या वेबसाइटवरचा चॅटबॉट ही आपल्या कृतींना स्वतः जबाबदार असलेली वेगळी कायदेशीर संस्था आहे. बॉटने शोकप्रसंगीच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. न्यायाधिकरणाने ते फेटाळलं आणि भरपाई लावली. रक्कम किरकोळ, सगळं मिळून 812 कॅनेडियन डॉलर. पण व्यक्तित्वाचा युक्तिवाद खऱ्या जगात पहिल्यांदा कोण वापरतो, ते यात दिसतं. एआयचे हितचिंतक नव्हे, भरपाई टाळणारा प्रतिवादी.

पुढच्या दारावर एवढी चर्चा चालू असताना मागचं दार उघडं आहे. शॉन बेयर्न या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने दाखवलं की तिथल्या एलएलसी (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचा एक प्रकार) कायद्यातल्या लवचिकतेचा वापर करून अशी कंपनी उभी करता येईल की तिचे सगळे निर्णय संचालन-करारानुसार एखादी प्रणाली घेईल, आणि मग एकमेव सदस्य बाहेर पडेल. राहील ती बिनमाणसांची कंपनी: व्यक्तित्व पूर्ण, आत फक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या नमुना कायद्यात सलग 90 दिवस एकही सदस्य नसेल तर एलएलसी विसर्जित होते, पण प्रत्येक राज्याची भाषा सारखी नाही. भारतात एकव्यक्ती कंपनीला वारस म्हणून नामनिर्देशित माणूस द्यावाच लागतो. सदस्यसंख्या किमान मर्यादेखाली गेली आणि सहा महिन्यांहून जास्त काळ धंदा तसाच चालला, तर ते माहीत असलेले सदस्य वैयक्तिक जबाबदार होतात. ही कलमं एआयचा विचार करून लिहिलेली नाहीत, तरी आज आयडाहो किंवा युटा या अमेरिकी राज्यांच्या, 'एआय व्यक्ती नाही' असं ठणकावून सांगणाऱ्या कायद्यांपेक्षा ती जास्त उपयोगी आहेत. घोषणेने पुढचं दार बंद होतं. मागचं बंद करायचं तर कंपनी कायद्यातच प्रत्येक कंपनीला शेवटी एक सापडणारा माणूस लागेल, आणि तो नाहीसा झाला तर कवचही नाहीसं होईल, अशी तरतूद हवी. संस्थेचं रूपच न घेता पळणाऱ्यांचं काय होतं, तेही 2023 मध्ये दिसलं: ओकी डीएओ या विकेंद्रित (संचालकांऐवजी सदस्यांच्या ऑनलाइन मतदानाने चालणाऱ्या) मंडळाला अमेरिकी न्यायालयाने नोंदणी नसलेली संघटना मानून दंड केला, आणि त्याआधी दाव्याची नोटीस तिच्या वेबसाइटवरच्या मदत-चॅटमधून बजावलेली ग्राह्य धरली.

पेटंटच्या भांडणाबद्दल दोनच वाक्यं, कारण तिथे फार काही नाही. 'डाबस' या प्रणालीला शोधक म्हणून नोंदवायला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये नकार दिला; दक्षिण आफ्रिकेने 2021 मध्ये पेटंट दिलं, पण तिथे अर्जाची गुणवत्तेवर तपासणी होत नाही, म्हणून तो विजय फार ताणू नये. सोफिया रोबोटला 2017 मध्ये सौदी अरेबियाने दिलेलं नागरिकत्वही त्याच जातीचं, जाहिरातीचं.

प्रत्यक्षात काय करायचं? धोरण लिहिणाऱ्यांसाठी क्रम असा: प्रणाली चालवून फायदा घेणाऱ्यावर दोष सिद्ध न करता जबाबदारी, धोका मोठा असेल तिथे सक्तीचा विमा, आणि बनवणाऱ्यावर उत्पादन-दोषाची जबाबदारी. युरोपच्या 2024 च्या नव्या उत्पादन-जबाबदारी निर्देशाने सॉफ्टवेअरला स्पष्टपणे 'उत्पादन' म्हटलंय आणि सदस्य देशांना 9 डिसेंबर 2026 पर्यंत तो आपल्या कायद्यात आणायचाय. तांत्रिक गुंतागुंतीमुळे पुरावा देणं फारच अवघड असेल तर काही अटींवर दोष गृहीत धरायची मुभाही त्यात आहे. भरपाई मागणाऱ्याचं अर्धं काम एवढ्याने हलकं होतं, इलेक्ट्रॉनिक व्यक्तीशिवाय.

करार लिहिणाऱ्यांसाठी, विशेषतः जिथे एजंट स्वतः खरेदी करतात, किंमत ठरवतात किंवा नोकरीचे अर्ज चाळतात: 'एजंटने केलेली प्रत्येक कृती ही तो तैनात करणाऱ्या पक्षाची कृती' हे वाक्य पहिल्या पानावर टाका. एजंटला किती रकमेपर्यंत बांधील करता येईल ती कमाल मर्यादा आकड्यात लिहा; मर्यादेबाहेरचा व्यवहार आपोआप रद्द होणार की समोरच्याला कळवेपर्यंत टिकणार, हेही लिहा, कारण सिंगापूरच्या त्या प्रकरणासारखी भांडणं इथेच होतात. मॉडेलची आवृत्ती, त्या वेळच्या सूचना आणि साधनांच्या परवानग्या यांची नोंद प्रत्येक व्यवहारासोबत जपा, आणि ती दाव्याची मुदत संपेपर्यंत ठेवा. पुरवठादाराने मधेच आवृत्ती बदलली तर जुनी नोंद कोणाकडे राहील, हे आधी ठरवा. थांबवायचा अधिकार असलेल्या माणसाचं नुसतं पद न लिहिता तो अधिकार वापरायला त्याला किती वेळ मिळेल ते लिहा. आणि मसुद्यात कुठेही 'एआय स्वतंत्रपणे निर्णय घेते, त्यास कंपनी जबाबदार नाही' असं कलम दिसलं, तर ते काढायला सांगा. समोरच्याने नकार दिला, तर त्या नकारावरून त्याच्या प्रणालीबद्दल त्यालाच किती खात्री आहे ते कळतं.